जोतं काढणारी माणसं

परतवाड्यात बाबांचा धंदा जुन्या मालाचा. अचलपुरातला एखादा वाडा मोडकळीला आला की ते तो उभाच विकत घ्यायचे. सागवानी तुळया, खांब, चौकटी सोडवून दुकानी आणायच्या, दगडमाती ज्याला हवी त्याने न्यावी. मी हाताशी आलो तोवर वाडे संपत आले होते. कर्ज काढून जेसीबी घेतला आणि मिळेल ती इमारत पाडू लागलो.

जंगलातलं पहिलं काम पोटकंत्राटात आलं. मेळघाट 1974 पासूनचा व्याघ्र प्रकल्प. कोअरमधली, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी उठली, माणसं जंगलाबाहेर वसवली. 2008 मध्ये गाव सोडण्यासाठी कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज आलं, मग आणखी गावं. इथल्या कोरकू आदिवासींची घरं कुडाची. लाकूड आणि कवेलू ते स्वतःच सोडवून नेतात. आमच्या वाट्याला उरते शाळा, समाजमंदिर, पाण्याची टाकी. म्हणजे सरकारनेच बांधलेलं.

त्या कामात मी नको ते शहाणपण केलं. मलबा बाहेर न्यायचं डिझेल वाचवायला शाळेमागे खड्डा खणून पुरला, वर मुरूम ओढला. पावसाळा सरल्यावर वनरक्षकाने नेऊन दाखवलं. सगळीकडे कुसळी आणि पवना गवत कमरेएवढं, आणि आमच्या खड्ड्यावर नुसतं तरोट्याचं तण. "इथं चितळ तोंड लावत नाही, भाऊ." एवढंच बोलला. अकरा ट्रॉल्या पदरच्या खर्चाने उपसून बाहेर नेल्या.

तेव्हापासून आमचा भाव जोत्यासकट, म्हणजे पायाही काढून नेण्याचा असतो. भिंत अर्ध्या दिवसात पडते. पाया उकरायला आणि काचा, खिळे, तारा वेचायला आठवडा जातो. वेचायचं काम बायकाच नीट करतात. विहीर बुजवायची की पाणवठा म्हणून ठेवायची ते वनविभाग ठरवतो, पण उघडी सोडायची नाही, जनावर पडतं. आंबा, मोह तसेच ठेवायचे. मुठवा हा कोरकूंचा गावदेव, त्याच्या दगडांपासून मशीन लांब. दिवस मावळायच्या आत गेटबाहेर.

गावं उठवणं बरोबर की चूक, हे मला विचारू नका. अकोट तालुक्यात वसवलेले काही लोक सोयी नाहीत म्हणून जंगलात परतले, जानेवारी 2019 मध्ये मोठा संघर्षही झाला. तो उन्हाळा आम्ही जंगलातलं एकही काम धरलं नाही.

आज दोन मशीन आहेत, एक कायम गॅरेजमध्येच असते म्हणा. आमचा एक ऑपरेटर अशाच एका उठलेल्या गावचा. टाकी पाडतो, समाजमंदिर पाडतो, शाळेला हात लावत नाही. त्या दिवशी मशीनवर मी बसतो, आणि तो खाली उभा राहून पाया कुठपर्यंत गेलाय ते सांगतो.