वाशिष्ठीच्या खोऱ्यात सायकल

आज चिपळूणहून पोफळीकडे सायकल हाणली. डांबरी सोडून पाखाडीने (दगडी पायवाटेने) रानात शिरलो आणि खरी मजा सुरू झाली. कोरड्या जांभ्यावर टायर मस्त पकड घेतो, पण सावलीतला शेवाळलेला दगड आला की नुसता साबण! टायरमधली हवा थोडी कमी केली, उतारावर बूड सीटच्या मागे, पुढचा ब्रेक अगदी हलका. (महागड्या गिअरपेक्षा हेच कामाला येतं.)

साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, सायकल खांद्यावर घेतली होती. समोरून लाकडांचा भारा घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, "अरे, तू सायकलवर बसायचं की सायकलने तुझ्यावर?" काय बोलणार!

खाली वाशिष्ठी भरलेली. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात येतं आणि वीज करून या नदीत सुटतं, म्हणून ती ऐन उन्हाळ्यातही वाहती असते. जुलै २०२१ मध्ये हीच चिपळूणच्या बाजारपेठेत घुसली होती, हे आज तिच्याकडे बघून खरं वाटेना.

पुढच्या रविवारी कोण येतंय? पातळ टायरवाल्यांनी मात्र कुंभार्ली घाटाचा डांबरी रस्ताच धरावा. ट्रकांचा धूर फुकट.