तीन एप्रिल की चार मार्च?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे केळीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, खिशातून डायरीत जाते, डायरीतून वहीत आणि हल्ली वहीतून कॉम्प्युटरवर. इथवर सगळं माणसाच्या हातचं. घोळ सुरू होतो तो जुन्या प्रोग्रॅममधला हिशेब नव्यात नेताना. मायक्रोसॉफ्ट मनी या हिशेबाच्या प्रोग्रॅमची विक्री 2009 मध्येच थांबली, पण कोपऱ्यातल्या एखाद्या डेस्कटॉपवर त्यातले हिशेब अजून सुखाने नांदत असतात. ते ग्नूकॅश या हिशेबाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आणायचे तर मध्ये क्यूआयएफ फाइल लागते, म्हणजे नोंदी साध्या मजकुरात इकडून तिकडे नेणारी फाइल. बँकेचा उतारा आणायचा तर बहुधा सीएसव्ही.

क्यूआयएफ फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून बघावी. दिसायला अगदी बाळबोध. ‘डी’ने सुरू होणारी ओळ तारखेची, ‘टी’ची रकमेची, ‘पी’ची कुणाकडून किंवा कुणाला, ‘एल’ची कुठल्या सदरात. नोंद संपली की ^ अशी छपरासारखी खूण. म्हणजे आपली रोजकीर्दच, फक्त उभी लिहिलेली.

गोम ‘डी’च्या ओळीत असते. 03/04/2024 म्हणजे आपल्या लेखी तीन एप्रिल. पण क्यूआयएफचं माहेर अमेरिका आणि तिकडे महिना आधी. त्या वाचनात सव्वा लाखाची पट्टी चार मार्चला जाऊन बसते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात, आणि कुणी हूं की चूं करत नाही. 13/04 ची नोंद मात्र अडते, कारण दुष्काळ सोडला तर तेरावा महिना कुठेच नसतो! अशी ओरडणारी चूक परवडते. अडलेल्या नोंदी हाताने भरून पुढे जाणारे फसतात, कारण एक ते बारा तारखांच्या नोंदी तोवर गुपचूप उलट्या झालेल्या असतात (03/03 सारख्या जुळ्या तेवढ्या वाचतात). तेरा तारखेपाशी अडलं की सगळं रद्द करावं, फाइल आत घेतानाच्या खिडकीत दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडावा आणि पहिल्यापासून सुरू करावं. फाइलमध्ये बारानंतरची एकही तारीख नसेल तर प्रोग्रॅमला कळायला काही मार्गच नाही. तो विचारतो आणि आपण न वाचता ‘पुढे’ दाबतो.

सीएसव्हीचा जाच वेगळा. तिच्यात रकाने स्वल्पविरामाने तोडलेले. 1,25,000 ही रक्कम अवतरणचिन्हांत नसेल तर तिचे तीन रकाने होतात आणि खात्यात जमा होतो एक रुपया. ही चूक निदान शिल्लक बघताच दिसते. एक्सेल करतं ते दिसत नाही. नुसतं बघायला फाइल उघडली आणि सवयीने सेव्ह केली, तर यूपीआयचा 12 आकडी संदर्भ क्रमांक 4.12E+11 असा होऊन बसतो, खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. बघायचंच तर नोटपॅडमध्ये, नाहीतर प्रतीवर.

नावं देवनागरीत असतील तर आणखी एक परीक्षा. कॉम्प्युटर अक्षरं ज्या सांकेतिक पद्धतीने साठवतो तिला एन्कोडिंग म्हणतात; त्यातल्या युटीएफ-8 मध्ये ‘केळी’ हा शब्द 12 बाइटचा. चुकीच्या एन्कोडिंगने वाचला की अशी चित्रविचित्र चिन्हं पसरतात की अहिराणीत विचारावं, ‘हाई काय शे भो?’ पण घाबरायचं कारण नाही. युटीएफ-8 निवडून फाइल पुन्हा घेतली की केळी परत येतात. नोटपॅडमध्येच नुसती ???? दिसली तर मात्र मूळ अक्षरं सेव्ह करतानाच गेली. मग जुन्या प्रोग्रॅममधून नव्याने फाइल काढणं आलं. सदराच्या नावात तिरकी रेघही नको: क्यूआयएफमध्ये ‘खत/बियाणे’ लिहिलं की ‘खत’ हे सदर आणि ‘बियाणे’ हा त्याचा वेगळाच वर्ग ठरतो.

सगळ्यात लबाड चूक बदलीच्या नोंदीची. बँकेतून 5,000 काढून रोखीत घेतले, तर ती नोंद बँकेच्या फाइलमध्येही असते आणि रोखीच्याही. मनी एका वेळी एकाच खात्याची फाइल देतं. त्या एकेक करून आत घेतल्या आणि दुसरी घेताना जुळणी नीट तपासली नाही, तर घरात 10,000 रोख दिसते आणि बँकेतून 10,000 गेलेले. ग्नूकॅशमध्ये सगळ्या खात्यांच्या क्यूआयएफ एकाच खेपेत भराव्यात. मग तो जोड्या लावतो आणि दुहेरी नोंदी गाळतो.

हे सगळं आधी कोऱ्या फाइलवर करून बघावं. मग 31 मार्चची शिल्लक खात्यागणिक जुन्याशी ताडावी. फरक निघाला तर त्याची निम्मी रक्कम शोधावी. तेवढ्याच रकमेची नोंद सापडली तर ती बहुधा जमेऐवजी नावे पडलेली असते. आणि शिल्लक पैशापर्यंत जुळली, तरी एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी एकदा बोट ठेवून वाचाव्यात.