'गेट' म्हणजे काय हे बाईंनी कधी सांगितलंच नाही

माजी विद्यार्थ्यांनी दोन शब्द लिहून द्यावेत असा स्मरणिकावाल्यांचा निरोप आला, मला एकच पुरणार आहे, आणि तो इंग्रजी निघाला त्याला माझा इलाज नाही. मैदान, घंटा, छड्या, गॅदरिंग यावर बाकीचे लिहितीलच आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी आपला इंग्रजीच्या तासाबद्दल लिहितो, आणि त्यातल्याही एकाच क्रियापदाबद्दल, गेट. मराठीत लिहिलं की हे गेट आणि शाळेचं गेट एकसारखंच दिसतं, तेव्हा आधीच सांगून ठेवतो की इथून पुढे कुठेही फाटक समजू नये.

त्या वेळी आमची शब्द शिकायची पद्धत एकदम ठरलेली होती. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उजवी बाजू हाताने झाकून पाठ करायचं. गेट समोर सगळ्यांनी 'मिळवणे' लिहिलेलं. मग एका धड्यात आलं, इट इज गेटिंग डार्क, आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलाने छातीठोकपणे सांगितलं, "ते अंधार मिळवत आहे." सगळा वर्ग खो खो हसला, बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, अरे नियमाने बरोबर आहे की त्याचं, नियमच चुकलाय. सगळ्यांनी 'मिळवणे' खोडा आणि ती बाजू कोरी ठेवा.

कोरी म्हणजे कायमची कोरी. आम्हाला वाटलं आज नाही तर उद्या खरा अर्थ सांगतील, पण वर्ष संपलं तरी गेट म्हणजे काय ते काही सांगितलं नाही, त्याऐवजी एकच पालुपद, "त्याच्यामागून कोण येतंय ते बघा." मागून एखादी वस्तू आली, लेटर, प्राइझ, जॉब, तर मिळणं किंवा आणणं. मागून विशेषण आलं, डार्क, अँग्री, ओल्ड, तर होणं. मागून जागा आली तर पोहोचणं, गेट टू स्कूल, गेट टू द स्टेशन, आणि होम आलं तर मधला टू गायब, हे लक्षात ठेवायला लागायचं त्याला उपाय नाही. म्हणजे गेट स्वतः काहीच बोलत नाही, मागचा बोलतो. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञाने १९५७ साली नेमकं हेच लिहून ठेवलंय, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. बाईंनी फर्थ वाचला होता की नाही कुणास ठाऊक, वाचला असेल तरी आमच्यासमोर नाव काढलं नाही ते बरंच केलं, नाहीतर तेही आम्ही रेघ मारून पाठ केलं असतं.

खरी गंमत मागून दुसरं क्रियापद आलं की सुरू व्हायची. आय कट माय हेअर म्हणजे मी हातात कात्री घेऊन स्वतःचे केस कापले. दुसऱ्याने कापले तर आय गॉट माय हेअर कट. आपण मराठीत दोन्हीला सर्रास 'केस कापले' म्हणतो, कोणी कापले ते ऐकणारा समजून घेतो, आणि अगदीच स्पष्ट करायचं असेल तर 'कापून घेतले'. म्हणजे इथे गेटचं काम आपल्याकडे 'घेणे' करतं. (आणि इंग्रज एवढा काटेकोर आहे म्हणावं तर पाय मोडला की सरळ आय ब्रोक माय लेग म्हणतो, जसा काही मुद्दाम मोडून घेतला!) चोर पकडला गेला, द थीफ गॉट कॉट, इथे गेटच्या जागी आपल्याकडे 'जाणे'. वॉज कॉट म्हटलं असतं तरी चाललं असतं पण बाई म्हणायच्या की वॉज म्हणजे पोलिसांचा रिपोर्ट आणि गॉट म्हणजे बघणाऱ्याने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट. शिवाय या गॉटच्या वाक्यात कोणी केलं ते बहुतेक वेळा सांगतच नाहीत. द विंडो गॉट ब्रोकन. काच फुटली. कोणी फोडली ते वाक्यात नाहीच! हा प्रयोग आमच्या वर्गात इतका लोकप्रिय झाला की शेवटी बाईंना 'बाय हूम' असं ओरडून विचारावं लागायचं.

माझ्या मनात मात्र कायमचा राहिला तो वेगळाच होमवर्क. एकदा बाईंनी इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द दिला, लागणे. म्हणाल्या, वाक्यं करून आणा, जेवढी सुचतील तेवढी, आणि प्रत्येकाचं इंग्रजी करा. घरी बसून लिहायला लागल्यावर कळलं की हे प्रकरण आवरणारं नाही. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, नाद लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो, दिवे लागतात, रांग लागते, शोध लागतो, एखाद्याचं बोलणं मनाला लागतं, अमका माझा मामा लागतो. बस लागली म्हणजे ती स्टँडवर येऊन उभी राहिलीय, आणि मला बस लागते म्हणजे मला खिडकीजवळ बसू द्या. दुसऱ्या दिवशी फळा दोन वेळा पुसावा लागला तरी वाक्यं संपेनात. आणि बाई शांतपणे विचारतात, आता मला सांगा, लागणे म्हणजे काय? एका शब्दात.

कोणालाच येईना. जन्मापासून बोलतोय आणि एका शब्दात अर्थ येत नाही, आणि तरी कधी कोणी चुकत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. मग त्यांनी फळ्यावर चार वाक्यं लिहिली. ती अजून तोंडपाठ आहेत, कारण मला विचाराल तर अख्ख्या शाळेत मी शिकलेलं सगळ्यात भारी व्याकरण ते हेच.

आम्ही बोलायला लागलो, वी गॉट टॉकिंग. आम्हाला बोलावं लागतं, वी हॅव गॉट टू टॉक. त्यांनी आम्हाला बोलायला लावलं, दे गॉट अस टू टॉक. आम्हाला बोलायला मिळालं, वी गॉट टू टॉक.

एकाच बोलण्याचे हे चार प्रकार, सुरुवात, सक्ती, दुसऱ्याने करायला लावणं आणि संधी, इंग्रजीत चारही ठिकाणी गेट, आणि मराठीत पहिल्या तीन ठिकाणी लागणे नाहीतर त्याचाच सख्खा भाऊ लावणे, चौथ्यात फक्त मिळणे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एवढं सारखं कसं केलं ते मला आजही कळत नाही, मी भाषेचा अभ्यासक नाही, पण हे बघून जो आनंद झाला तो गणिताचं उत्तर मागच्या पानाशी जुळल्यावर होतो त्यापेक्षा नक्कीच जास्त होता. मग आमचा छंदच झाला, गेटच्या पोटात कुठे कुठे लागणे लपलाय ते शोधायचा. गेट थ्रू, फोन लागला. गेट टू वर्क, कामाला लागा. गेट विंड ऑफ, कुणकुण लागली. गेट हर्ट, लागलं. गेट रिड ऑफ, वाटेला लावणे. गेट अराउंड टू इट, म्हणजे एखादं काम कधीचं करायचं करायचं म्हणून पडलेलं असतं आणि अखेर होतं, त्याला मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मुहूर्त लागला बाई!" बाईंनी त्याला अख्ख्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. म्हणजे शी गॉट अस टू क्लॅप.

सगळीकडे जुळतं असं नाही हेही सांगायला हवं. मामा लागतो याला गेट नाही, निकाल लागण्यालाही नाही. आणि उलट बाजूने गेट ऑन, गेट इन या भानगडीत लागणे काही कामाचा नाही. बस, ट्रेन, विमान, जहाज यात गेट ऑन आणि उतरताना गेट ऑफ, कारमध्ये मात्र गेट इन आणि गेट आउट. आत उभं राहून चालता येत असेल तर ऑन, अशी एक युक्ती बाईंनी दिली होती, ती बरीचशी चालते, सायकल आणि घोडा मात्र वर बसायचे असतात म्हणून तिथेही ऑनच. गेट अवे विथ ला मात्र मराठीत फर्मास शब्द आहे, पचणे. केलं आणि पचलं. गेट अलाँग म्हणजे पटणं, गेट बाय म्हणजे कसंबसं भागवणं, गेट ओव्हर म्हणजे आजारातून उठणं किंवा झालेलं दुःख मागे टाकणं.

हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच हे कळल्यावर तर धमाल वाटली. उत्तरेकडून समुद्रमार्गे येऊन इंग्लंडात वस्ती केलेल्या डॅनिश वगैरे लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला हा 'गेता', टेक हे क्रियापदही त्यांचंच. जुन्या इंग्रजीत याचा एक चुलतभाऊ होता पण तो एकटा फिरत नव्हता, आधी काहीतरी चिकटवूनच यायचा, तो आजही फर्गेट आणि बिगेटमध्ये दडून बसलाय. म्हणूनच फर्गेटचं फर्गॉटन होतं. अमेरिकन लोक गेटचंही गॉटन करतात, त्याला ब्रिटिश नाकं मुरडतात, पण ते रूप जुनंच आहे आणि ब्रिटिशांनी सोडून दिलंय एवढंच. अमेरिकनांना त्याचा फायदाच होतो, आय हॅव गॉट म्हणजे माझ्याकडे आहे आणि आय हॅव गॉटन म्हणजे मला मिळालंय, असा फरक त्यांना करता येतो. आणखी मागे गेलं तर मूळ अर्थ पकडणं, लॅटिनमधून आलेल्या कॉम्प्रिहेंडच्या मुळाशीही तेच पकडणं आहे, आणि आपणही मुद्दा पकडतोच की. त्यामुळे समजलं नाही की आय डोन्ट गेट इट.

आता कोणी म्हणेल सगळ्यात जास्त अर्थ गेटला थोडेच आहेत. बरोबर आहे, नाहीतच. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद सेटची होती, क्रियापदाचेच ४३० च्या आसपास अर्थ, मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा. नंतर संपादकांनी रन नव्याने लिहायला घेतला तेव्हा तो पुढे गेला, पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी नऊ महिने त्या एका शब्दावर घालवले आणि क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. ते आकडे वाचून मी चाट पडलो खरा, पण ६४५ अर्थ पाठ करून रन वापरणारा माणूस जगात कोणी नसणार. नदीही रन होते, नाकही, मशीनही आणि दुकानही, आपल्याकडे नाक वाहतं, मशीन चालतं आणि धाव फक्त क्रिकेटमध्ये निघते.

पुढे कॉलेजात एक प्राध्यापक भेटले, त्यांना गेट दिसला की लाल पेन उचलायचे. गेट ऐवजी रिसीव्ह, गेट ऐवजी ऑब्टेन, गेट ऐवजी बिकम, नाहीतर ते गावठी वाटतं म्हणे. अर्जात, ऑफिसच्या पत्रात रिसीव्ह लिहावं हे मान्य, मीही लिहितो. पण रोजच्या बोलण्यातून गेट काढून टाकला तर माणूस छापील बोलतो, 'मला क्षुधा लागली आहे' म्हणणाऱ्यासारखा. आणि मिळणं, होणं, पोहोचणं या प्रत्येकासाठी वेगळा जड शब्द शोधत बसलेला विद्यार्थी वाक्य संपायच्या आत गप्प होतो हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय. बाईंचं बरोबर उलट होतं, त्या म्हणायच्या आधी गेटवर गाडी हाणा, मग बघू.

दहावीच्या निरोपाच्या आधी, शेवटच्या चाचणीत बाईंनी भाषांतराला एक वाक्य घातलं होतं, आय गॉट टू सिंग. मागेपुढे काही नाही, नुसतं वाक्य. अर्ध्या वर्गाने लिहिलं मला गायला मिळालं, अर्ध्या वर्गाने मला गावं लागतंय. पेपर मिळाल्यावर एवढी भांडणं झाली, एक म्हणे हॅव नाही म्हणजे संधीच, दुसरा म्हणे बोलताना हॅव गिळतात. बाईंनी दोघांनाही पूर्ण मार्क दिले होते, आणि ज्या एकीने दोन्ही अर्थ लिहून पुढे 'गाणाऱ्याचा चेहरा बघून ठरवावे' असं लिहिलं तिला एक मार्क जास्त.