एकच नाव, अनेक चिप: २६००+ आणि २.४ यांची जुळणी

संग्रहात या खेपेला जुन्या संगणक-प्रोसेसरचे दोन गट लावायला घेतले आहेत: एएमडीचे अॅथलॉन एक्सपी २६००+ आणि इंटेलचे २.४ गिगाहर्ट्झचे पेन्टियम ४. दोन्हींकडे नाव एक आणि आतला माल निराळा, म्हणून ते शेजारी शेजारीच ठेवायचे ठरवले.

२६००+ चे तिन्ही प्रकार हाती आले (हा आकडा मेगाहर्ट्झचा नव्हे, एएमडीने दिलेल्या कामगिरीच्या मापाचा; थरोब्रेड आणि बार्टन ही आतल्या रचनांची सांकेतिक नावं). एक थरोब्रेड २१३३ मेगाहर्ट्झचा (१३३ × १६, म्हणजे चिपला बोर्डाशी जोडणाऱ्या बसचा मूळ वेग गुणिले चिपचा गुणक), दुसरा थरोब्रेडच पण २०८३ चा (१६६ × १२.५), आणि तिसरा बार्टन, फक्त १९१७ चा (१६६ × ११.५). बार्टनला कॅश (चिपमधली जलद मेमरी) दुप्पट, ५१२ केबी; तेवढ्या बळावर एएमडीने कमी वेगालाही तोच आकडा दिला. घेताना चिपवरच्या लांबलचक कोडची शेवटची दोन अक्षरं बघा: ३सी, ३डी किंवा ४डी. आकडा कॅशचा (३ म्हणजे २५६, ४ म्हणजे ५१२), अक्षर बसचं (सी म्हणजे २६६, डी म्हणजे ३३३; हे आकडे १३३ आणि १६६ या मूळ वेगांच्या दुप्पट). विकणाऱ्याने या कोडचा स्पष्ट फोटो दिला नाही तर मी व्यवहार करत नाही, तुम्हीही करू नका.

बार्टन आधी १३३ च्याच बसवर चालणाऱ्या जुन्या बोर्डावर लावला. तो १५३३ वर उठला, म्हणजे थेट १८००+ च्या वेगावर! १६६ देणाऱ्या बोर्डावर नेल्यावर १९१७ दिसले आणि फार बरं वाटलं.

हे आकडे आले कुठून ते आठवा. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेन्टियम ४ ची पाइपलाइन, म्हणजे आज्ञा टप्प्याटप्प्याने पार पाडणारी साखळी, २० टप्प्यांची होती. मेगाहर्ट्झ भरपूर, पण दर ठोक्याला काम कमी. ऑक्टोबर २००१ मध्ये अॅथलॉन एक्सपी आला तेव्हा १३३३ मेगाहर्ट्झच्या चिपला एएमडीने १५००+ म्हटलं. तुलना आपल्याच जुन्या अॅथलॉनशी आहे, असं कंपनी सांगायची. गिऱ्हाईक मात्र पेन्टियमशीच ताडून बघायचं. माझ्या मते सुरुवातीचे आकडे न्याय्य होते. २००३ चा ३२००+ मात्र ८०० बसच्या पेन्टियमपुढे ताणलेलाच होता.

इंटेलकडचा गुंता २.४ पुढच्या अक्षरांचा, आणि तिथे बसचा आकडा मूळ वेगाच्या चौपट असतो. नुसता २.४ म्हणजे ४०० बस (१०० × २४), बी म्हणजे ५३३ (१३३ × १८), सी म्हणजे ८०० (२०० × १२) आणि वर हायपर-थ्रेडिंग (एका चिपने दोन असल्यासारखं काम करणं). मग ए? तो सगळ्यांत उशिरा आलेला, प्रेस्कॉट या सांकेतिक नावाच्या नव्या रचनेचा: कॅश १ एमबी, बस पुन्हा ५३३ आणि हायपर-थ्रेडिंग नाही. सी माझा सर्वांत आवडता.

ए अजून मिळालेला नाही. तो आला की चारही २.४ ची चाचणी इंटेलच्या ८६५पीई चिपसेटच्या बोर्डावर घेईन, कारण तो तिन्ही बस घेतो. बसप्रमाणे रॅमचा वेगही बदलेल, तो निकालात प्रत्येक चिपसमोर वेगळा लिहीन. कुणाकडे चालू स्थितीतला ए असेल तर कळवा. बदल्यात जास्तीचा बी देईन.