अर्जात नसलेला प्रश्न

लैंगिक आरोग्य केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबायचे, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. पण त्या सोमवारी संध्याकाळी २४ वर्षांच्या एका मुलाचे बोलणे संपले आणि त्यानंतर आपण काय बोलावे, हे मला बराच वेळ सुचले नाही. तो म्हणाला होता, "सर, मी स्वतःच्या पायांनी गेलो होतो तिथे. मग त्याला काय म्हणणार?"

मी स्वतः समलिंगी आहे आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण समलिंगी पुरुषच असतात. त्या दिवशी भेटलेल्या दोघांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, काही गाळले आहेत आणि लिहिण्यापूर्वी दोघांचीही परवानगी घेतली आहे.

तो मुलगा आला होता पेप या गोळ्यांसाठी. एचआयव्हीचा संसर्ग झाला असण्याची शक्यता असेल, तर त्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत या गोळ्या सुरू कराव्या लागतात आणि त्या २८ दिवस न चुकता घ्याव्या लागतात. जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले. त्याला हे सगळे ठाऊक होते. किती तास उलटले हे त्याने मोजून ठेवले होते, गोळ्यांचे दुष्परिणाम वाचून ठेवले होते आणि अर्जातली जवळजवळ प्रत्येक चौकट नीटनेटक्या अक्षरात भरली होती. फक्त शनिवारी रात्री किती जणांशी संबंध आला, ही चौकट कोरी होती. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "नक्की सांगता येणार नाही. मधले तीन-चार तास मला आठवतच नाहीत."

कोणाच्या तरी घरी रात्रभर चालणारी मेजवानी होती. तिथे 'जी' होते. आमच्या कामात हे अक्षर रोज ऐकू येते. नशेसाठीचा हा रंगहीन द्रव मिलिलिटरमध्ये मोजून घेतात आणि अंगात उत्साह आणणारी मात्रा व शुद्ध हरपवणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. जोडीला दारू असेल तर श्वास मंदावत जाऊन माणूस दगावूही शकतो. त्याची मात्रा दुसऱ्याच कोणीतरी मोजून दिली होती. पुढचे त्याने सलग सांगितले नाही, तुकड्यांत सांगितले. शुद्ध आली तेव्हा जे चालू होते ते त्याने सुरू केलेले नव्हते. खोलीत आणखी तिघे-चौघे होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही त्यात थांबवण्यासारखे काही वाटले नव्हते. सकाळी यजमानाने पाणी दिले, गाडी बोलावून दिली आणि दुपारी निरोप पाठवला की मजा आली, पुन्हा ये. तो निरोप त्याने मला दाखवला. मला वाटते, आपल्याला कोणी वाईट वागवलेले नाही याचा पुरावा म्हणून.

मी त्याला सांगितले की शुद्धीत नसलेला माणूस संमती देऊ शकत नाही आणि दारातून आत येताना दिलेला होकार आत घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लागू होत नाही. घडलेल्या गोष्टीला नाव देण्याचा अधिकार त्याचा आहे म्हणून मी कोणतेही नाव दिले नाही. त्याने मान हलवली आणि विचारले, "पण आपल्यात हे असंच चालतं ना?"

मराठीत 'आमच्यात' आणि 'आपल्यात' या दोन शब्दांत जो फरक आहे, तो मला इतका कधी टोचला नव्हता. त्याने 'आपल्यात' म्हटले. म्हणजे मलाही त्यात धरले. आणि त्याचे चुकले नव्हते.

मी २६ वर्षांचा असताना एका मित्राने जवळपास अशीच हकिगत मला सांगितली होती. ज्याच्याबद्दल सांगितली तो आमच्या वर्तुळातला वयाने मोठा, सर्वांचा लाडका माणूस होता. घरातून हाकलून दिलेल्या कित्येक मुलांना त्याने महिनोन्महिने आपल्या घरी ठेवून घेतले होते. मी मित्राला म्हटले, "दारू जास्त झाली असेल दोघांनाही, सोडून दे." मित्राने खरोखरच सोडून दिले, त्याबरोबर आम्हालाही सोडले. मी तसे का म्हटले याची कारणे आज मी सांगू शकतो, पण कारणे सांगितल्याने ते वाक्य मागे घेता येत नाही. आमच्या पिढीने आयुष्याची कितीतरी वर्षे बाहेरच्यांना उत्तरे देण्यात घालवली. समलिंगी पुरुष म्हणजे वासनेने पछाडलेला, कोवळ्या मुलांवर टपलेला, ही प्रतिमा पुसता पुसता आमचे हात दुखून गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातून समलैंगिकता वगळण्याचा निर्णय व्हायला १९९० साल उजाडावे लागले. ज्यांना इतका उशिरा निरोगी ठरवले गेले, त्यांना आपल्या घरातली कोणतीही घाण उंबऱ्याबाहेर दिसू द्यायची नसते, कारण ती हातात घेऊन दगडासारखी फेकणारे बाहेर उभेच असतात. ही भीती खोटी नाही. पण तिची किंमत आम्ही भरली नाही. ती माझ्या त्या मित्राने भरली आणि आता हा मुलगा भरत होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लैंगिक अत्याचार ही समलिंगी पुरुषांची खासियत नाही. तो सगळीकडे होतो आणि कुठे किती होतो याची तुलना मला करायची नाही. अनेकांशी संबंध ठेवण्यात, विवाहाच्या चौकटीबाहेर सुख शोधण्यात काही वाईट आहे असेही मी मानत नाही. त्या मोकळेपणाने मला आणि माझ्यासारख्या कित्येकांना जगवले आहे. मला अस्वस्थ करते ती त्या मोकळेपणाच्या पोटात आम्ही वाढू दिलेली एक सवय. तिथे देखणे शरीर हेच चलन बनते आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला माणुसकीही नाकारली जाते. मुलाने जाता जाता सांगितलेले एक वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही: "ते सगळे इतके देखणे होते की त्यांनी मला बोलावलं, हेच मला खूप वाटलं." ज्याला बोलावणे हेच बक्षीस वाटते, त्याला तिथे गेल्यावर नाही म्हणणे किती अवघड जात असेल!

त्याला तसे का वाटावे, हे मला कळले, कारण त्याच दिवशी दुपारी मी दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोललो होतो.

ते गृहस्थ ६१ वर्षांचे आहेत. दर तीन महिन्यांनी ते आमच्याकडे सर्व तपासण्या करून घेतात. मागच्या तीन महिन्यांत किती जणांशी संबंध आला, या प्रश्नापुढे त्यांनी सलग चौथ्या खेपेला शून्य लिहिले होते. वैद्यकीय दृष्टीने त्यांना येण्याचे कारण नव्हते आणि त्यांची वेळ दुसऱ्या कोणाला देता येईल, असे त्यांना सौम्य शब्दांत सांगायचे मी ठरवून बसलो होतो. मी सुरुवात करताच त्यांनी ओळखले. ते म्हणाले, "रक्त काढताना सिस्टर हात धरतात. तेवढाच एक स्पर्श होतो हो." मग त्यांनी फोन काढून मला एक संवाद दाखवला. त्यांनी एकाला फक्त 'नमस्कार, कसे आहात' एवढेच लिहिले होते. उत्तर आले होते, 'या वयात इथे काय शोधताय', आणि उत्तराला उत्तर देण्यापूर्वीच त्यांना ब्लॉक केले होते.

२००९ मध्ये समलिंगी पुरुषांच्या गाठीभेटींसाठीचे ग्राइंडर हे ॲप आले आणि त्यानंतर अशी कितीतरी ॲप आली. जवळपास कोण आहे हे फोनवर दिसू लागल्याने एकाकी राहणाऱ्या असंख्य पुरुषांना आपण एकटे नाही हे कळले. हा उपकार लहान नाही. पण त्याच पडद्यावर आम्ही एकमेकांबद्दल जे उघडपणे लिहितो, ते कोणत्याही कचेरीत किंवा वर्गात कोणाच्या तोंडावर म्हणण्याचे धाडस करणार नाही. बायकी नकोत. जाडे नकोत. पन्नाशीच्या पुढच्यांनी तसदी घेऊ नये. अमुक वर्णाचे नकोत. या शेवटच्या गोष्टीवर बोलणे वाढल्यावर ग्राइंडरने २०२० मध्ये वंशावरून माणसे चाळण्याची सोय काढून टाकली, पण माणसाच्या बोटांनी टाइप केलेली ओळ कोण काढणार? 'बायकी नकोत' ही ओळ मला सर्वांत जास्त लागते. शाळेच्या मैदानात आमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलेली शिवी तीच होती, आणि मोठे झाल्यावर तीच आम्ही एकमेकांना आवड म्हणून ऐकवतो. आवड कोणावर लादता येत नाही, हे मला मान्य आहे. पण सभ्यपणे नकार द्यायला आवड लागत नाही.

'क्लीन असाल तरच' हीही त्यातलीच एक ओळ. म्हणजे एचआयव्ही नसेल तरच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात, एक जोडीदार एचआयव्हीबाधित आणि दुसरा नाही अशा ७८२ समलिंगी जोडप्यांकडे पाहिले गेले होते. बाधित जोडीदाराच्या रक्तातील विषाणू उपचारांनी दबलेला असताना निरोध न वापरता संबंध आले, तरी जोडीदाराकडून जोडीदाराला झालेला एकही संसर्ग त्यात आढळला नाही. नियमित गोळ्या घेणाऱ्या माणसाला मी हे दिवसातून अनेकदा सांगतो आणि तो विश्वासाने ऐकतो. मग घरी जाऊन फोन उघडतो आणि आपण अस्वच्छ असल्याचे आपल्याच माणसांकडून वाचतो.

भेदभाव, लपूनछपून जगणे आणि सतत नाकारले जाण्याची धास्ती यांचा अल्पसंख्याकांच्या मनावर साचत जाणारा ताण मानसशास्त्रज्ञ इलन मायर यांनी २००३ मधल्या लेखात मांडला आणि आमच्या क्षेत्रात तो आजही पायाभूत मानला जातो. मी तो प्रशिक्षणात शिकवतो. तो मला पटतो, कारण माझ्या अंगावर त्याचे वळ आहेत. तरीही त्या सोमवारी मला मान्य करावे लागले की या स्पष्टीकरणाचा आडोसाही मी घेतला आहे. जखमी माणूस दुसऱ्याला का जखमी करतो, हे त्याने समजते. पण ज्याला जखम झाली त्याच्यासमोर ते स्पष्टीकरण ठेवणे म्हणजे त्यालाच पुन्हा समजूतदार व्हायला सांगणे होय.

मुलाला आमच्या डॉक्टरांनी पहिली गोळी लगेच दिली, रक्ताचे नमुने घेतले आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्या. पोलिसांकडे तक्रार करता येते, पुरावा गोळा करता येतो पण त्याला वेळेची मर्यादा असते, हे त्याला समजावून सांगितले. त्याने नको म्हटले. हा निर्णय त्याचा होता. त्याला न्यायालयाची तितकी भीती वाटत नव्हती. त्याची अडचण जवळची होती. तो म्हणाला, "मी ज्यांना ओळखतो ते सगळे त्यांना ओळखतात. मी बोललो तर मी कोणाकडे जाणार?" घरचे दार ज्याच्यासाठी बंद झालेले असते, त्याच्याकडे हे एवढेच वर्तुळ उरते. त्या वर्तुळात बोलणारा माणूसच वर्तुळाबाहेर पडतो, हे मी माझ्या मित्राच्या बाबतीत पाहिले होते आणि त्याला बाहेर ढकलणाऱ्या हातांपैकी एक माझा होता.

सगळे गेल्यावर मी आमचा अर्ज पुन्हा वाचला. दोन्ही पाने. किती जण, कोणत्या प्रकारचे संबंध, निरोध वापरला का, कोणते पदार्थ घेतले, पूर्वी कोणते संसर्ग झाले. येणाऱ्याला लाज वाटू नये, कोणी आपला निवाडा करते आहे असे वाटू नये, म्हणून आम्हीच फार काळजीने तो तयार केला होता. त्या दोन पानांत संमतीबद्दल एकही प्रश्न नव्हता. निवाडा न करण्याच्या आमच्या तत्त्वाला आम्ही इतके जपले होते की विचारायचेच राहून गेले होते.

पुढच्या बैठकीत मी प्रश्न वाढवायचा प्रस्ताव मांडला. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षे काम केलेले एक सहकारी म्हणाले की असा प्रश्न छापला, तर आमच्याकडे येणारे सगळे असेच वागतात असा त्याचा अर्थ बाहेर लावला जाईल. मी २६ वर्षांचा असताना जे बोललो ते मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "शब्द नीट निवडा." शब्द निवडायला तीन आठवडे लागले. 'अत्याचार' हा शब्द आम्ही वापरला नाही, कारण त्या मुलाने त्यापुढे प्रामाणिकपणे 'नाही' लिहिले असते. शेवटी ठरलेला प्रश्न असा होता: 'तुम्हाला नको असताना, किंवा हो-नाही सांगण्याच्या स्थितीत तुम्ही नसताना, तुमच्याशी कोणी लैंगिक वर्तन केले आहे का?' खाली लिहिण्यासाठी एक लहानशी चौकट होती.

त्या गृहस्थांना मी येऊ नका असे कधीच सांगितले नाही. तीन महिन्यांनी ते आले, नेहमीसारखा अर्ज घेऊन समोर बसले आणि शून्य लिहून पुढे गेले. नव्या प्रश्नापाशी त्यांचे पेन थांबले. थोड्या वेळाने त्यांनी वर न पाहता विचारले, "हे किती मागचं लिहायचं असतं?"

मी म्हटले, "तुम्हाला हवं तितकं."

त्यांनी चौकटीत दोन शब्द लिहिले, मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली.