केप अडेरचे खडे

रविवार, रात्र.
दिवसभर पाऊस. बळ्ळारी नाला परत फुगलाय, वडगाव शिवारात भातात पाणी शिरलंय, बाबा दुपारपासून गप्पच.

मी मोबाईलवर केप अडेरचंच वाचत बसले. अंटार्क्टिकात रॉस समुद्राच्या तोंडाशी पुढं आलेलं काळ्या खडकाचं टोक, पायथ्याला रिडली बीच नावाचा गोट्यांचा किनारा, आणि तिथं अडेली पेंग्विनची जगातली सगळ्यात मोठी वसाहत, तीन लाखांहून जास्त जोड्या! गवत नाही काडी नाही, मग घरटं खड्यांचंच. ऑक्टोबरात नर आधी येतात, चोचीत एकेक खडा धरून आणायचा, नीट लावायचा, परत दुसरा आणायला जायचं, आणि पाठ वळली रे वळली की शेजारचा टपलेलाच असतो, खडा घेऊन पसार. पण त्या चोरीमागचं कारण वाचलं आणि पोटात कालवलं. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी घरट्यात येतं, अंडं त्या गार पाण्यात बसलं की मेलंच. खडे जास्त तेवढं अंडं वर.

मादी दोन अंडी घालून समुद्रात जाते आणि नर अंड्यांवर बसतो. आल्यापासून त्यानं काही खाल्लेलं नसतं, ती परतेपर्यंत महिना उलटून जातो, वर स्कुआ पक्षी अंड्यांवर डोळा ठेवूनच, तरी हा उठत नाही. एवढा जीव लावणं कुठनं येतं कुणास ठाऊक.

१८९९ साली बोर्चग्रेविंकच्या मोहिमेतली दहा माणसं इथं राहिली, अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर हिवाळा काढणारी पहिलीच. त्यांचं लाकडी खोपटं अजून आहे, पेंग्विनच्या गराड्यात. त्या दहा जणांतला प्राणिशास्त्रज्ञ निकोलाय हान्सन ऑक्टोबरात वारला, ऐन पक्षी परतायच्या दिवसांत. अख्ख्या हिवाळ्याचा अंधार काढला बिचाऱ्यानं आणि हंगाम काही बघायला मिळाला नाही, हे मला फार लागतं. त्याच्याच इच्छेनं वर कड्यावर पुरला, त्या खंडावरची पहिली कबर. पुढं १९११-१२ ला स्कॉटच्या मोहिमेतल्या डॉक्टर लेविकनं तिथं राहून पूर्ण हंगाम टिपून ठेवला, हान्सनचं राहिलेलं कामच म्हणायचं ते.

जेवताना बाबांना खड्यांचं सांगितलं. "बियाण्याची पोती दगडावर ठेवतोय तसंच की ते," म्हणाले. मग अंडी किती दिवसांनी फुटतात विचारलं, महिन्याच्या वर लागतो म्हटलं. उद्या उघडीप मिळाली तर बांध बघायला मलाही ने म्हणून सांगितलंय.