सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायला जाताना

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स या प्रसिद्ध गोल्फ मैदानावर खेळायला कुठल्याही क्लबचं सभासद असावं लागत नाही, हे पुण्या-मुंबईतल्या गोल्फ खेळणाऱ्यांना सांगितलं तर चटकन खरं वाटत नाही. आपल्याकडे चांगलं मैदान म्हणजे एखादा क्लब नाहीतर लष्कराची हद्द. सेंट अँड्र्यूजची ही वाळूची जमीन मात्र गावाची आहे. इथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ सालच्या आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेत नोंदलेला आहे, आणि १९७४ पासून सगळी मैदानं सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट सांभाळतो. पहिल्या टीच्या, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेच्या, मागे दिसणारी ती प्रसिद्ध दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची. तिच्या आत आपल्याला प्रवेश नाही, पण मैदान त्या क्लबच्या मालकीचं नाही. हे आधी समजून घ्या, कारण सगळा बेत त्यावर उभा राहतो. इथे ओळखपाळख चालवावी लागत नाही, नाव नोंदवावं लागतं. म्हणून माझं सांगणं एवढंच: एका टी टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या, मागे धावू नका, गावात मुक्काम करा आणि मैदानाला दिवस द्या.

नाव नोंदवायचे मार्ग असे. पुढच्या वर्षीच्या टी टाइमसाठी आगाऊ अर्ज साधारण ऑगस्टच्या शेवटी घेतले जातात. तारीख पक्की हवी असेल तर तो मार्ग. खात्रीशीर वेळ देणारी पॅकेजेसही मिळतात, पण त्यांत बाकीचा खर्च इतका वाढतो की मला ती पटली नाहीत. आम्ही बॅलटवर, म्हणजे रोजच्या सोडतीवर भरवसा ठेवला. दोन ते चार जणांचा गट हवा. गुरुवारी खेळायचं असेल तर मंगळवारी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, संध्याकाळी निकाल लागतो. नाव द्यायला पैसे पडत नाहीत, नंबर लागला तरच ग्रीन फी, म्हणजे खेळायचं शुल्क, भरायची. हंगामात ती माणशी ३०० पौंडांच्या वर जाते, हे धरूनच चाला. एकटे असाल तर तुमच्यासाठी वेगळी सोडत आहे. आदल्या दिवशी स्वतः जाऊन नोंदणी करायची आणि संध्याकाळी कळतं. पूर्वी एकटे खेळाडू पहिल्या टीपाशी रात्रभर रांगेत बसत. २०२४ पासून ती रांग बंद झाली, आणि लांबून येणाऱ्यांच्या दृष्टीने हे फार बरं झालं.

हँडिकॅपचा, म्हणजे आपल्या खेळाचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला सोबत असू द्या. आपल्या क्लबकडून निघण्याआधीच घ्या, तिथे पोहोचून ईमेलची वाट बघण्यात दिवस जातो. मर्यादा ३६ आहे, बायकांना आणि पुरुषांना सारखीच. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो आणि उन्हाळ्यात त्यासाठी गर्दी असते. गोल्फचा संच विमानात न्यायचा की तिथे भाड्याने घ्यायचा, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. मी भाड्याने घेतला, स्वतःचा फक्त पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी, नेला, आणि तेच करा असं सांगेन.

गावात रेल्वे स्टेशन नाही. एडिनबर्गहून फोर्थ नदीवरच्या पुलावरून जाणारी गाडी घ्यायची, ल्यूकर्सला उतरायचं आणि स्टेशनाबाहेरून ९९ नंबरची बस पकडायची. पंधरा मिनिटांत गाव येतं. गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही; गावात सगळं चालण्याच्या अंतरावर आहे.

आमचा नंबर लगेच लागला नाही, आणि मधले दिवस मला सगळ्यांत आवडले. ओल्ड कोर्सला लागूनच न्यू कोर्स आहे. नाव न्यू, पण जन्म १८९५ चा, आणि आखणी एकोणिसाव्या शतकातला गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस याची. जमीन तीच, वारा तोच, फी साधारण निम्मी, टी टाइम सहज मिळतो. ज्युबिली कोर्सही शेजारीच. हिरवळीखाली वाळू असली की चेंडू कसा धावतो हे तिथे शिकून घ्या. आपण पाणी पिऊन मऊ झालेल्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू उंच उडवून खेळायला शिकलेलो असतो. इथली जमीन एप्रिल-मे महिन्यातल्या देशावरच्या माळासारखी कडक लागते. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीच्या, चाळीस यार्ड बाहेरूनसुद्धा पटर चालवायला लाजू नका. इथले लोक तेच करतात.

आणि हिमालयावर जा! समुद्राच्या बाजूला, उंचसखल टेकाडांचं एक पटिंग ग्रीन आहे, त्याला हिमालयाचंच नाव आहे. सेंट अँड्र्यूजचा महिलांचा पटिंग क्लब १८६७ चा. बाईने खांद्याच्या वर हात उचलून फटका मारणं त्या काळी अशोभनीय मानत, म्हणून त्यांना हा एवढा तुकडा मिळाला. रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडलं. त्याआधीच, २००७ मध्ये, ओल्ड कोर्सवर महिलांची ब्रिटिश ओपन झाली आणि लोरेना ओचोआने ती जिंकली; २०२४ ला लिडिया को इथे जिंकली. हे सगळं मनात घेऊन मी त्या टेकाडांवर अगदी थोड्या पैशांत पट करत होते, शेजारी आज्या आणि नातवंडं खेळत होती. तुम्ही गोल्फ खेळत नसलात तरी इथे खेळू शकता.

रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. एखादी मोठी स्पर्धा असेल तेवढाच अपवाद. तो दिवस वाया गेला असं समजू नका. त्या दिवशी मैदान बाग होतं, कुत्री फिरवणारे, बाबागाड्या ढकलणारे लोक फेअरवेवरून चालतात. खेळण्याच्या आदल्या रविवारी चालून घ्या, हा मी देऊ शकते तो सर्वांत उपयोगाचा सल्ला. टीवरून यातलं अर्धं काही दिसत नाही. चालताना शंभरावर बंकरांपैकी (वाळूच्या खड्ड्यांपैकी) बरेच सापडतात, चौदाव्या होलवरच्या (टीपासून भोकापर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे होल) हेल बंकरच्या काठाशी उभं राहून त्याची खोली बघता येते, आणि जोडग्रीनचा हिशेब डोक्यात बसतो. अठरापैकी फक्त पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्या होलला स्वतःचं ग्रीन आहे. बाकीची सात ग्रीन दोन-दोन होलांची आहेत आणि त्या दोन आकड्यांची बेरीज दरवेळी अठरा येते: दुसरा-सोळावा, पाचवा-तेरावा, असं. जाताना, म्हणजे पहिल्या नऊ होलांना, निशाण पांढरं, परत येताना लाल. भलत्या निशाणाकडे मारलात तर साठ-सत्तर यार्डांचा पट नशिबी येतो.

आता खेळाबद्दल. कॅडी, म्हणजे संच उचलून वाट सांगणारा मदतनीस, घ्या. पैसे वाचवायचे तर जेवणात वाचवा. पहिल्या टीवर लोक बघत उभे असतात आणि छाती धडधडते, पण समोरचा पट्टा शंभर यार्डांहून रुंद आहे, पहिला आणि अठरावा फेअरवे एकच. त्यातून एक सार्वजनिक रस्ता जातो आणि लोक तो ओलांडत राहतात. आपण शांतपणे थांबायचं. दुसरा फटका मात्र जपून, कारण ग्रीनच्या अगदी पुढे स्विल्कन ओढा आहे. एक क्लब जास्त, म्हणजे थोडी लांब मारणारी काठी, घ्या.

बहुतेक होलांवर आमच्या कॅडीचा बोट दाखवायचा हात डावीकडेच जायचा. त्याला कारण आहे. जाताना काटेरी गॉर्सची झुडपं उजवीकडे, येताना हद्दीबाहेरची जागाही उजवीकडे. डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे असतो. तिथून ग्रीनचा कोन अवघड होतो, पण चेंडू जिवंत राहतो. वाऱ्याचं गणित नऊ होलांनंतर उलटतं. जाताना पाठीवर असलेला वारा परतीला तोंडावर येतो, तेव्हा सुरुवातीच्या चांगल्या आकड्यांवर विसंबून राहू नका.

सतरावा, रोड होल, हा जगातला सर्वांत अवघड पार चार (चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला होल) म्हणून ओळखला जातो, आणि मला ते मान्य आहे. हॉटेलच्या हिरव्या शेडवर लिहिलेल्या अक्षरांवरून चेंडू मारायचा. समोर फेअरवे दिसतच नाही. ग्रीन चिंचोळं आणि आडवं, पुढे रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. हा पार पाच समजून खेळा. दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे उजव्या हाताला ठेवा, तिथून पटरने वर चढवा. मी पाचावर बाहेर पडले आणि मनापासून समाधानी होते. स्विल्कन पुलावर फोटो काढा, पण दोन-तीनच. फेरी चार तासांत संपवावी अशी अपेक्षा असते आणि मागचा गट वाट बघत असतो.

फेरी झाल्यावर कॅथीड्रलच्या आवारात जा. तिथे ओल्ड टॉम आणि त्याचा मुलगा यंग टॉम यांच्या समाध्या आहेत. मुलाने १८६८ ते १८७० सलग तीनदा ओपन ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा जिंकली, १८७१ ला स्पर्धाच झाली नाही, १८७२ ला पुन्हा जिंकली, आणि १८७५ च्या नाताळच्या दिवशी चोविसाव्या वर्षी तो गेला. बापाने त्यानंतर कितीतरी वर्षं हेच मैदान राखलं. आपण ज्या अठराव्या ग्रीनवर शेवटचा पट घालून आलो ते त्याने घडवलेलं.

महिना निवडताना एवढं बघा. जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण सोडतीत नावंही तेवढीच पडतात. एप्रिल किंवा ऑक्टोबरात थंडी असते, संधी जास्त. हिवाळ्यात फेअरवेवर चटईच्या तुकड्यावरून खेळायला लावतात, तेव्हा इतक्या लांबून जाऊ नका. सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल स्पर्धेमुळे मैदान अडतं. २०२७ ची ओपन इथेच ठरली आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्यात जायचा विचार असेल तर आधी ट्रस्टचं वेळापत्रक उघडून बंद तारखा लिहून घ्या, आणि विमानाची तिकिटं त्यानंतर काढा.